आक्काच्या परड्यातला कोळसा

माझ्या थोरल्या भावाला कुठलीही गोष्ट नुसती करता येत नाही, तिचं उद्घाटन करावं लागतं. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाल्यावर त्यानं कराडजवळच्या आमच्या गावी उसाला ठिबक बसवलं, तेव्हा पहिली कळ दाबायला एका पुढाऱ्याच्या मेहुण्याला बोलावलं होतं. मेहुण्यानं कळ दाबली. वीज गेलेली होती, त्यामुळे पाणी आलं नाही, टाळ्या मात्र झाल्या. त्या दिवशीच्या फोटोत सगळे समाधानानं हसताना दिसतात आणि मागं ऊस कोरडा उभा आहे. असा हा माणूस आमच्या बहिणीच्या घरामागं कोळसा पुरायला निघाला, तेव्हा ते गुपचूप होणार नाही हे मला ठाऊक होतं. त्यातून ती ज्या गावात राहते तिथं राहणंच तिला अवघड होऊन बसेल, हे मात्र ठाऊक नव्हतं.

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मधली आक्का, मी धाकटा. आक्काला दिली ती एका प्राथमिक शिक्षकाला. दाजींची बदली जत तालुक्यात झाली आणि ती रद्द करून घ्यायला कुठल्याही साहेबाच्या दारात न गेलेला तो मला माहीत असलेला एकमेव शिक्षक. तिथल्या पोरांशी बोलायला ते कानडी शिकले. आक्का अंगणवाडीत लागली, तीही शिकली. गावाबाहेर वस्तीला लागून त्यांनी घर बांधलं, आणि बदल्यांचा विषय संपला. एकुलती मुलगी लग्न करून गुजरातेत गेली. दाजी वारले तेव्हा आक्का साठीच्या पुढं होती, आणि तिथून हलायचं तिच्या मनातही नव्हतं.

दादाच्या मनात होतं. दाजींच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं गेलो होतो. जेवणं झाल्यावर दादा हात धुवायला मागल्या दारी गेला आणि परड्याकडं बघत उभा राहिला. आमच्या कृष्णाकाठी घराची पत परड्यावरून ठरते. अळू, कढीपत्ता, दोन केळी, एखादा शेवगा नसेल तर त्या घरात माणसं राहतात की नुसती झोपायला येतात, असं लोक विचारतात. आक्काच्या परड्यात पांढुरकी चुनखडीची जमीन होती. पाऊस पडला की तिच्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखा थर धरायचा आणि वाळला की पहार आपटली तरी ठण्ण वाजायची. दाजींनी दोनदा लिंब लावून पाहिलं होतं. त्या लिंबांची खोडं अजून उभी होती, बोटाएवढी.

दादा म्हणाला, "हितं काय पिकतंय, खडं? बॅग भर. गावी चल."

आक्का भांडी विसळत होती. ती विसळतच राहिली. आमच्या घरात वडील गेल्यापासून दादाच्या शब्दाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, आणि म्हणायचं कसं हेही आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी गप्प राहण्याचा कंटाळा येऊन दादानंच फौजी थाटात मुदत दिली. संक्रांतीला या परड्यात त्याला स्वतःच्या हातानं भाजी खुडता आली तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही आली तर आक्कानं त्याच्याबरोबर जायचं, आणि कुरकुर करायची नाही.

"चालंल," आक्का म्हणाली, आणि पातेलं पालथं घातलं.

मला मात्र चैन पडेना. खरं सांगायचं तर ते त्याआधीच गेलं होतं. शिरवळच्या एका कारखान्याच्या भांडारात मी उभी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचायची असं ठरवलं होतं, आणि वाचतोही, पण कुठलंही पुस्तक निम्म्यावर आलं की मला उठून बाहेर जावंसं वाटतं. हमरस्त्याच्या कडेला उभं राहून कंटेनर बघायचे, परत यायचं, पुन्हा जायचं. आक्काचं प्रकरण सुरू झालं तशी माझ्या येरझाऱ्यांना दिशा मिळाली. शिरवळहून सातारा, साताऱ्याहून सांगली, सांगलीहून जत, असा दिवसभराचा प्रवास मी वारंवार करू लागलो. बायको म्हणाली, "आक्कांची काळजी आहे ती आहेच, पण तुम्हाला इथं बसवत नाही ते सांगा की." ती असं काही बोलली की मी पिशवी भरायला घेतो.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. तो कुठल्याशा कृषी प्रदर्शनाला गेला होता. तिथं टाय घातलेल्या एका तज्ज्ञानं बायोचार या विषयावर भाषण केलं आणि श्रोत्यांना काचेच्या छोट्या बाटल्या वाटल्या. बाटलीत कोळशाचा चुरा. दादा ती बाटली काशीहून गंगा आणल्यासारखी घरोघर दाखवत होता. लाकूड, काटक्या, तुरकाठ्या अशा रीतीनं जाळायच्या की राख न होता कोळसा व्हावा. तो मातीत मिसळायचा. कोळशाला बारीक छिद्रं असतात, त्यांत पाणी आणि खत धरून राहतं. मुरमाड जमीन सुधारते. हे सगळं त्यानं मला सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "जतचं परडं आता आपण हिरवंगार करून दाखवायचं. चॅलेंज हाय."

मी फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. परडं हिरवं झालं तर आक्का तिथंच राहणार होती. तिला न्यायला निघालेला माणूस तिच्या बाजूनं लढायला उभा राहिला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. आव्हान दिसलं की ते कुणाचं आहे हे दादा बघत नाही. मी लगेच आक्काला फोन करून हे सांगितलं.

"तू त्यास्नी सांगू नगंस," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. पण माझ्या स्वभावाप्रमाणं वाचून ठेवलं. वाचलं ते फारसं उत्साहवर्धक नव्हतं. या कोळशाचा खरा गुण आंबट, निकस जमिनीत दिसतो असं बरेच जण म्हणतात. आक्काची जमीन चुनखडीची, आधीच खारट अंगाची, तिला त्याचा उपयोग किती याबद्दल जाणत्यांत एकमत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ताजा कोळसा तसाच मातीत घालू नये. तो उपाशी असतो. आधी त्याला शेणकाल्यात, मुतात, खतात मुरवावा लागतो, नाहीतर मातीत असेल नसेल तेवढं तो आधी स्वतःच ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. हे मी दादाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मी लहानपणापासून निगेटिव्ह आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी प्रात्यक्षिक ठरलं. दादा जीप भरून आला. मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, एक फलक, नारळ, फेटे. फलकावर 'बायोचार निर्मिती भव्य प्रात्यक्षिक' असं होतं आणि खाली दादाचा गणवेशातला फोटो, उजवीकडं किंचित झुकलेला. गावातले प्रतिष्ठित लोक पुढच्या रांगेत बसले. आक्कानं आणि शेजारच्या धनगरीण बाईनं गेले काही दिवस तुरकाठ्या आणि वेड्या बाभळीचं सरपण गोळा करून वाळवलं होतं. ही शेजारीण आक्काची तिथली खरी सोबत. तिचा मेंढरांचा वाडा आक्काच्या कुंपणाला लागून होता. ती आक्काला बाई म्हणायची, कारण तिची सगळी पोरं आक्काच्या अंगणवाडीत वाढली होती.

खड्डा चांगला झाला होता, वर रुंद आणि खाली निमुळता, कढईसारखा. नारळ फुटला. जाळ वरून लावला. हे लोकांना नवीन होतं, कारण चूल आपण खालून पेटवतो. धूर आधी दाटला आणि मग जाळानंच तो खाऊन टाकला. वरच्या काटक्यांवर पांढरी राख धरू लागली की दुसरा थर टाकायचा, पुन्हा राख दिसली की पुन्हा टाकायचा. मान्य केलं पाहिजे, ते बघायला सुंदर होतं. दादा हातात काठी घेऊन खड्ड्याभोवती फिरत होता आणि छावणीतल्या हिंदीत समजावत होता. ऊन वाढत गेलं. रस्त्याच्या कडेला घागरी मांडून टँकरची वाट बघत असलेल्या बायका जाळ बघून कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. टँकर कालही आला नव्हता.

खड्डा भरला. आता विझवायची वेळ. विझवलं नाही तर सगळ्याची राख होते. हे दादाला पाठ होतं. विझवायचं कशानं, याचा विचार त्यानं केला नव्हता, कारण आमच्याकडं तो करावा लागत नाही. आमच्याकडं पाणी हे बटण दाबलं की येणारं आणि बटण बंद करायला विसरलं तर रात्रभर उसात वाहणारं काहीतरी असतं. आक्कानं त्यासाठी धुण्याभांड्यांचं पाणी दोन बादल्यांत साठवून न्हाणीजवळ ठेवलं होतं, आणि कडेनं लोटायला मातीही काढून ठेवली होती. ती बादली आणायला वळली. तेवढ्यात दादानं सोप्यातलं निळं पिंप पाहिलं. जुन्या साडीनं झाकलेलं, गळ्यापर्यंत भरलेलं, प्यायचं. त्यानं बरोबरच्या दोघांना हुकूम केला. त्यांनी ते उचललं आणि एका दमात खड्ड्यात उलटं केलं.

मोठा फुस्स असा आवाज झाला. वाफेचा ढग उठला, पुढच्या रांगेतल्यांनी फेटे सांभाळत तोंडं फिरवली. वाफ विरली तेव्हा खड्ड्यात काळाभोर, चकचकीत कोळसा होता. अगदी तज्ज्ञाच्या बाटलीतल्यासारखा. दादा टाळ्यांसाठी थांबला.

कुणीच वाजवल्या नाहीत. कुंपणापाशी बायका उभ्या होत्या आणि त्या खड्ड्याकडं बघत नव्हत्या, आडव्या पडलेल्या पिंपाकडं बघत होत्या. शेवटी शेजारीण बोलली, अगदी चौकशी केल्यासारखी.

"बाई, तुमच्या भावाकडं पाणी लय झालंय व्हय?"

कुणीतरी हसलं. दादाला तो प्रश्न खरा वाटला. त्यानं अभिमानानं सांगितलं की आमच्या शिवारात कॅनॉल आहे, वर्षभर पाणी असतं, कधीकधी नको म्हणायची पाळी येते. यावर कुणी हसलं नाही. बायका एकेक करून रस्त्याकडं निघून गेल्या. आक्कानं पिंप उचलून सोप्यात जागेवर नेलं, उभं केलं आणि रिकाम्या पिंपावर ती साडी पुन्हा नीट झाकली.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा वस्तीत काहीतरी बदललेलं होतं. आक्काच्या दारावरून जाणाऱ्या बायका आधी उंबऱ्यापाशी टेकायच्या, पदरानं वारा घ्यायच्या, कानडी-मराठी मिसळून सासवांची गाऱ्हाणी सांगायच्या. आता सरळ जात होत्या. टँकर आला तेव्हा मी पाहिलं, पहाटेपासून मांडलेल्या आक्काच्या घागरी रांगेच्या टोकाला गेल्या होत्या. त्या कुणी सरकवल्या हे विचारायची तिथं पद्धत नाही. टोकाच्या घागरींना कधी गढूळ तळ मिळतो, कधी काहीच मिळत नाही. आक्का म्हणाली, बरं झालं, आता उन्हात लवकर जाऊन उभं राहायला नको. हे ती हसून म्हणाली आणि मला रात्री झोप आली नाही. आम्ही तिचं परडं वाचवायला निघालो होतो, आणि ज्यांच्यासाठी ती तिथं राहत होती ती माणसंच तिला परकी होऊ लागली होती. परड्याशिवाय तिचं इतकी वर्षं काही अडलं नव्हतं. माणसांशिवाय तिला तिथं एक महिना काढता आला नसता.

कोळशाचंही भलं झालं नाही. दादानं निम्मा कोळसा जाण्यापूर्वीच कुटून एका वाफ्यात मिसळून घेतला होता, तसाच, उपाशी. उरलेली पोती भिंतीला लावून ठेवली. आषाढात आक्कानं त्या वाफ्यात मेथी टाकली. उगवली, दोन पानांवर आली, आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडत गेली. दादा मुद्दाम बघायला आला. त्यानं उकिडवं बसून एक रोप उपटलं, बोटांत फिरवलं, फेकलं. तज्ज्ञ फसवा निघाला, बाटल्या वाटणारे सगळे फसवेच असतात, असं तो म्हणाला. आणि मग एकदम त्याला आपला मूळ मुद्दा आठवला. चेहरा उजळलाच त्याचा. "फेल," तो म्हणाला. "बॅग भर."

"संक्रांत कुठं आलीया?" आक्का म्हणाली.

मी तेव्हा दादाला, मी सांगितलं होतं, असं म्हणायला हवं होतं कदाचित. पण माझं म्हणणं खरं ठरण्यातही काही सुख नव्हतं. मी दोन दिवस परड्यात फेऱ्या मारत राहिलो. आक्का म्हणाली, "आरं बस की गड्या एका जागी, तुझ्यामुळं मलाबी फिरल्यागत व्हतंय."

उरलेल्या पोत्यांचं पुढं काय झालं ते तिनं मला नंतर फोनवर सांगितलं. थोडा भुरभुर पाऊस झाला होता आणि शेजारणीचा मेंढरांचा वाडा चिखलानं भरला होता. पाऊस नसला तरी मेंढरं जमीन ओली ठेवतातच. कोकरांचे खूर कुजायला लागले होते, वास कुंपण ओलांडून येत होता. आक्कानं एक पोतं फरफटत नेलं आणि वाड्याच्या दाराशी ठेवलं. कोळसा आहे, पसरून बघ, कोरडं होईल, एवढंच ती म्हणाली. पाण्याचा विषय दोघींनीही काढला नाही. शेजारीण दूध काढत होती. तिनं मान वर केली नाही. "ठिवा तिथं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः येऊन उरलेली पोती घेऊन गेली. कोकरं कोरड्यात बसायला लागली. वास गेला, असं ती म्हणायची. आक्काच्या मते कमी झाला. काही दिवसांनी टँकर आला तेव्हा आक्काच्या घागरी रांगेत मध्यावर होत्या. त्या कुणी पुढं आणल्या हेही विचारायची पद्धत नाही.

दसऱ्यानंतर शेजारणीचा नवरा आणि दीर मेंढरं घेऊन पश्चिमेकडं निघाले. दरवर्षी जातात, ज्यांच्या रानात मेंढरं बसवायची त्या शेतकऱ्यांच्या गावांकडं. वाडा मोकळा झाला. शेजारणीनं तो खरवडला. लेंड्या, मूत, तुडवलेला पाला आणि त्यात चुरा होऊन मिसळून गेलेला कोळसा. तिच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं, दरवर्षीचं लेंडीखतच ते, फक्त या वर्षी काळं. बाईंचा कोळसा बाईंना परत, म्हणून तिनं पाट्या भरून आक्काच्या कुंपणावरून ओतल्या. एवढे महिने तो उपाशी कोळसा मेंढरांखाली जेवत होता, आणि हे कुणी ठरवलं नव्हतं, याचा मला फार आनंद झाला. ठरवलं असतं तर दादानं खुर्च्या मागवल्या असत्या.

मी लगेच जतला गेलो. निम्म्या परड्यात हे काळं खत आणि निम्म्यात कोळसा नसलेलं जुनं लेंडीखत घालायचा आग्रह धरला. आक्का विचारत होती, कशाला. मी म्हणालो, खरं काय ते कळायला. ती म्हणाली, "मला खरं कशाला पायजे, मला भाजी पायजे." पण तिनं ऐकलं. दोन्हीकडं मेथी, चुका आणि थोडा कांदा लावला. पाणी दोन्हीकडं सारखंच, भांड्यांचं, राखुंडीचं, गाळून घेतलेलं. त्या वर्षी परतीच्या पावसानंही जतला वळसा घातला होता.

आणि दोन्हीकडं सारखंच उगवलं. मी येत राहिलो, जात राहिलो. कधी मला काळ्या वाफ्यातली पानं गडद वाटायची आणि सांगलीच्या स्थानकावर चहा पिताना वाटायचं की ते सकाळच्या उन्हामुळं असेल. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला बायोचार यशस्वी झाला. मी म्हणालो, लेंड्या यशस्वी झाल्या. तो म्हणाला, "तुझं निगेटिव्ह सुरू झालं." फसव्या तज्ज्ञाचा उल्लेख आता तो पुन्हा आदरानं करू लागला होता, आणि संक्रांतीला दोन मित्रांना घेऊन, फोटो काढायला, येणार होता.

संक्रांतीच्या आधी टँकर थांबला. रस्ता उकरला होता म्हणे, किंवा चालक आजारी होता, किंवा दोन्ही. दिवस गेले. आक्कानं परड्याला पाणी घालणं बंद केलं. भांड्यांचं पाणी आता पुन्हा भांड्यांनाच लागत होतं. मी तिथंच होतो. संध्याकाळी परड्याकडं पाहवत नव्हतं. मी पाण्याची बाटली विकत आणायला निघालो, तर आक्का म्हणाली, "त्या पाण्याची मेथी मी खाणार न्हाई. आन् दादालाबी खुडू देणार न्हाई." मी पिशवी ठेवली आणि येरझाऱ्या सुरू केल्या.

सकाळी जीप आली. दादा फेटा बांधूनच उतरला. आम्ही सगळे मागल्या दारी गेलो. कोळसा नसलेला वाफा माना टाकून पडला होता, पानं जमिनीला चिकटली होती. काळ्या वाफ्यातली मेथी उभी होती. ताठ म्हणवत नाही. टोकं थोडी करपली होती, चुक्यानं अंग आवळून घेतलं होतं. पण उभी होती. मी वाकून माती उकरली. बोटभर खाली ओल होती. मी गप्प राहिलो, आणि माझ्यासारख्या माणसाला ते जड गेलं.

दादा मात्र बोलत होता. त्यानं मित्रांना बोलावलं, उभी मेथी दाखवली, पडलेली दाखवली, मधोमध बसून मूठभर भाजी खुडली आणि मोबाईलकडं बघून हसला. फोटो निघाला. मित्र गाडीकडं गेले. दादा मूठ तशीच धरून उठला, आणि उठता उठता त्याला कळलं. मी त्याचा चेहरा बघत होतो, त्यामुळे मला ते दिसलं. हसू तसंच राहिलं आणि त्यातला माणूस निघून गेला. त्यानं हातातल्या भाजीकडं पाहिलं, मग आक्काकडं. आक्कानं परात पुढं केली. त्यानं त्यात भाजी टाकली.

मला वाटलं तो आता वाद घालेल. ही भाजी कसली, ही मूठभर, टँकर बंद आहे, उद्या ही पण पडेल. यातलं सगळंच खरं होतं. तो पायरीवर बसला. फेटा काढला.

"म्हंजे मी एकट्यानंच जायचं," तो म्हणाला.

वहिनी गेल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मुलगे दोघंही फौजेत, सुना त्यांच्याबरोबर. त्या मोठ्या घरात दादा, एक गडी आणि भिंतीवरची सन्मानचिन्हं. तो आक्काला तिच्यासाठी न्यायला आला होता असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तोसुद्धा.

आक्का त्याच्या शेजारी बसली. परात मांडीवर घेऊन मेथी निवडू लागली. "आवं, आजच कशाला जाताय? राहा चार दिस," म्हणाली. "आंघोळीला मातुर निम्मीच बादली मिळंल."

मित्र जीप घेऊन परत गेले. दादा राहिला. टँकर दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा आक्कानं त्याला घागरी घेऊन रांगेला उभं केलं. मी दारातून बघत होतो. शेजारणीनं त्याला पाहून पदर तोंडाला लावला आणि बाजूच्या बाईला कानडीत काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. दादाला कानडी येत नाही, तो छाती काढून उभा होता. पाणी सांडू नये म्हणून घागर कशी धरायची ते एका म्हातारीनं त्याला काठीनं दाखवलं आणि त्यानं, तक्रार न करता, तशी धरली.

मी त्या दुपारी निघालो. सांगलीपर्यंत मला बसायला जागा मिळाली, आणि तरी मी उभा राहून बाहेर बघत होतो. आक्का राहिली, ही चांगली गोष्ट झाली असं मी स्वतःला सांगत होतो. पण सत्तरीकडं निघालेली बाई, सोबतीला कुंपणापलीकडची शेजारीण, जवळचा दवाखाना लांब, आणि आपण तिला तिथं ठेवण्यासाठी कोळशाची साक्ष काढली. बोटभर ओल हा काय पुरावा झाला? आणि तिला नेलं असतं तर तो तरी कशाचा झाला असता? शिरवळला उतरलो तरी हे सुटलं नाही. अजूनही सुटलेलं नाही. बायको म्हणते, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन या.

दादा चार दिवस म्हणून राहिला तो पंधरवड्यानं गावी गेला. मला फोन करत नाही. आक्काला रोज सकाळी करतो असं ती सांगते. काय बोलता एवढं, असं मी विचारलं.

"काय न्हाई रं," ती म्हणाली. "टँकर आला का, इचारत्यात. आन् मग येळभर काईच बोलत न्हाईत, पण ठेवतबी न्हाईत."